आरोग्य-प्रश्नोत्तरे : रात्रीचे उठणे आणि तीन दिवसांची वही

प्रश्न : माझे वय 68 असून मी इंदूरमध्ये रामबागेजवळ आमच्या जुन्या घरात राहतो. दोन वर्षांपूर्वी प्रोस्टेट वाढल्याचे निदान झाले. तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर टॅमसुलोसिनची गोळी घेतो. धार सुधारली आहे आणि दिवसा तीन-तीन तास जावे लागत नाही. रात्री मात्र चार वेळा उठतो आणि प्रत्येक वेळी भरपूर लघवी होते. शौचालय अंगणापलीकडे असल्याने थंडीत फार हाल होतात. दुपारी चारनंतर मी पाण्याला शिवत नाही, तरीही फरक पडत नाही. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. संध्याकाळी पावलांवर सूज येते. जानेवारीत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली आहे. त्याबरोबरच प्रोस्टेटचेही ऑपरेशन उरकून टाकावे, असे घरचे म्हणतात. रात्रीच्या गाडीने पुण्याला लेकीकडे जाणे मी सोडून दिले आहे. काय करावे?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : आपल्या पत्रातील ‘प्रत्येक वेळी भरपूर लघवी होते’ हे वाक्य मी दोनदा वाचले, कारण निर्णयाची किल्ली त्यातच आहे. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून बसलेली ग्रंथी. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, साधारण 20 ग्रॅमची असते आणि उतारवयात बहुतेक पुरुषांत वाढते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचे पुढे कर्करोगात रूपांतरही होत नाही. ग्रंथीने वाट अडवली की धार बारीक होते, जोर करावा लागतो, लघवी झाल्यावरही काही शिल्लक राहिल्यासारखे वाटते आणि मूत्राशय चिडखोर होऊन थोड्या-थोड्या लघवीसाठी वारंवार उठवतो. आपले तसे दिसत नाही. दिवसा तीन तास निर्धास्त राहणारा माणूस रात्री चार वेळा भरपूर लघवी करत असेल, तर मूत्राशयाची साठवण बरी असून मूत्रपिंडेच रात्री जास्त लघवी तयार करत असण्याची शक्यता अधिक आहे. ते खरे असेल, तर प्रोस्टेट कापून काढल्याने रात्रीचे उठणे थांबणार नाही.

म्हणून आधी तीन दिवस वही ठेवावी. खुणा असलेले प्लास्टिकचे लघवीचे भांडे औषधाच्या दुकानात मिळते. दिवसरात्र प्रत्येक वेळची वेळ आणि माप लिहावे. काय प्यायलो, किती प्यायलो, केव्हा झोपलो आणि केव्हा उठलो, हेही लिहावे. झोपण्यापूर्वीची लघवी दिवसाच्या हिशेबात धरावी आणि सकाळी उठल्यावरची पहिली रात्रीच्या, कारण ती रात्रीच तयार झालेली असते. समजा, चोवीस तासांत 1800 मिलिलिटर झाली आणि त्यातली 900 रात्रीची निघाली, तर रात्रीचा वाटा निम्मा झाला. आपल्या वयात तो एक-तृतीयांशाहून अधिक असला, तर रात्रीची निर्मिती जास्त आहे असे मानतात. उलट, रात्री दर वेळी 50 ते 100 मिलिलिटरच होत असेल, तर दोष मूत्राशयाकडे किंवा अडथळ्याकडे जातो. ही वही घेऊन गेलात, तर डॉक्टरांचे पहिले दहा प्रश्न वाचतील.

आता पायांच्या सुजेकडे वळू. दिवसभर पायांत उतरलेले पाणी आपण आडवे झालो की रक्तात परत येते आणि मूत्रपिंडे ते रात्रीतून बाहेर टाकतात. चारनंतर पाणी सोडूनही फरक पडला नाही, याचा उलगडा कदाचित इथेच होईल. कारण रात्री बाहेर येणारे पाणी आपण संध्याकाळी प्यायलेले नसून दिवसभर पायांत साठलेले आहे. अ‍ॅम्लोडिपिनने अशी सूज अनेकांना येते. गोळी स्वतःहून बंद करू नये. मात्र ‘पायांवर सूज येते आणि रात्री चार वेळा उठतो’ ही दोन्ही वाक्ये आपल्या फिजिशियनसमोर एकत्र उच्चारावीत, कारण एरवी पहिले त्यांच्याकडे आणि दुसरे मूत्ररोगतज्ज्ञांकडे जाते आणि दोहोंचा सांधा कोणीच जुळवत नाही. हृदय व मूत्रपिंडांची तपासणीही याच निमित्ताने व्हावी आणि रक्तातील साखर पाहिली जावी. आपण मोठ्याने घोरता का, झोपेत मध्येच श्वास अडकतो का, हे घरच्यांना विचारावे. झोपेत श्वास अडकण्याच्या विकारात हृदयावर ताण येऊन लघवी वाढवणारे द्रव्य स्रवते आणि त्या विकारावर उपचार झाले की रात्रीचे उठणे कमी होते. आपल्याला लघवी वाढवणारी एखादी गोळी चालू असेल, तर ती दुपारी घेता येईल का, हेही विचारून घ्यावे.

घरी करण्यासारखे बरेच आहे. दुपारी तासभर पाय हृदयाच्या पातळीपेक्षा थोडे वर ठेवून पडावे. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर दिवसा घट्ट मोजे वापरावेत. पाणी चारलाच तोडण्याची गरज नाही. दाट लघवी मूत्राशयाला चुरचुरते आणि कमी पाण्याने होणारे बद्धकोष्ठ लघवीची अडचण वाढवते. दिवसभराचे दीड-दोन लिटर बहुतांशी संध्याकाळी सहापर्यंत संपवावे (हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याची मर्यादा घालून दिलेली असेल, तर तीच पाळावी) आणि झोपण्यापूर्वीचे दोन-तीन तास कोरडे ठेवावेत. उशिराचा चहा सोडावा. मीठ कमी केल्यानेही रात्रीची लघवी कमी होते. इंदूरच्या माणसाला संध्याकाळची शेव सोडायला सांगणे हे धाडसच आहे, आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारातील फेरीबद्दल तर बोलायलाच नको. पण रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने पंधरा दिवस हा प्रयोग अवश्य करून पाहावा. झोपण्यापूर्वी लघवी करून झाल्यावर दोन-चार मिनिटे थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करावा; शिल्लक राहिलेली थोडीफार उतरते.

मोजमापासाठी आणलेले भांडे वही संपल्यावरही पलंगाशेजारीच राहू द्यावे. आपल्या घरांत याची लाज वाटते, हे मी जाणतो. परंतु डिसेंबरच्या पहाटे अंधारात अंगण ओलांडताना पडून खुब्याचे हाड मोडणे हा प्रोस्टेटपेक्षा कितीतरी मोठा आजार आहे. त्यात टॅमसुलोसिनने उभे राहताना रक्तदाब खाली येऊन चक्कर येऊ शकते. त्यामुळे आधी मिनिटभर पलंगाच्या कडेवर बसावे, मगच उठावे. थंडीत सर्दी झाली, तर नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांतील फिनाइलएफ्रिनसारखी द्रव्ये मूत्राशयाचे तोंड आवळतात आणि सोबतच्या सुस्ती आणणाऱ्या औषधाने मूत्राशयाचा जोर कमी होतो. एका गोळीने लघवी पूर्ण तुंबून मध्यरात्री नळी घालावी लागल्याची उदाहरणे प्रत्येक मूत्ररोगतज्ज्ञाला ठाऊक आहेत.

मोतीबिंदूचे एक राहिले. टॅमसुलोसिन घेणाऱ्यांच्या डोळ्यातील बुबुळ शस्त्रक्रियेच्या वेळी ढिले पडते, आणि गोळी थांबवली तरी हा परिणाम टिकून राहू शकतो. नेत्रतज्ज्ञांना आधी कळले, तर ते तयारी ठेवतात. तेव्हा हे आजच कळवावे.

ऑपरेशनबद्दल सांगायचे, तर लघवी वारंवार तुंबणे, मूत्रपिंडांवर परिणाम होणे, मूत्राशयात खडे होणे, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होणे किंवा प्रोस्टेटमधून रक्त जात राहणे, यांपैकी काही असेल, तर चालढकल करू नये. दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेने धार निश्चित सुधारते. पण सगळ्या लक्षणांत सर्वांत कमी सुधारणारे लक्षण रात्रीचे उठणे हेच आहे. ‘एकाबरोबर दुसरे उरकून टाकू’ हा हिशेब लग्न-मुंजीत चालतो, इथे नाही. वही भरून होईपर्यंत ऑपरेशनची तारीख ठरवू नये.

प्रश्न : माझे सासरे 76 वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपासून रात्री त्यांचे अंथरूण ओले होते. ‘मला लघवी नीट होते, काही दुखत नाही’ असे ते म्हणतात. अलीकडे जेवणही कमी झाले आहे. सासूबाई म्हणतात, वयाचे आहे, डायपर आणा. आणावेत का?
– एक वाचक भगिनी, सुदामानगर

उत्तर : डायपर आणा, पण त्याच दिवशी तपासणीही करा. ज्या पुरुषाचे अंथरूण पूर्वी कधी ओले होत नव्हते, त्याचे म्हातारपणी झोपेत ओले होऊ लागले, तर मूत्राशय कधीच पूर्ण रिकामा होत नसून भरलेल्या हंड्यासारखा काठावरून सांडत असावा, अशी शंका आधी घ्यावी. लघवी हळूहळू तुंबत गेली, तर दुखत नाही. त्यामुळे ते खोटे बोलत नाहीत, त्यांना खरोखर काही जाणवत नाही. मात्र आतील दाब मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो, आणि जेवण कमी होणे हे त्याचेच लक्षण असू शकते.

लघवी करून आल्यानंतरची सोनोग्राफी आणि मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन, या दोन तपासण्या याच आठवड्यात व्हाव्यात. मूत्राशयात पुष्कळ लघवी शिल्लक निघाली, तर नळी घालावी लागेल. त्यानंतर काही वेळा शरीर दिवसभर भराभर लघवी टाकत राहते आणि क्षार कमी-जास्त होतात, म्हणून हे काम घरी न करवता रुग्णालयात देखरेखीखाली करावे. वेळेवर वाट मोकळी झाली, तर मूत्रपिंडे बऱ्याच अंशी सावरतात. त्यांना उलट्या झाल्या, गुंगी आली किंवा लघवी पूर्ण बंद झाली, तर सकाळची वाट न पाहता तातडीच्या विभागात न्यावे.

सुनेसमोर ते हा विषय काढणार नाहीत. तेव्हा आपल्या यजमानांनी सोबत जावे, चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे एका पिशवीत घ्यावीत आणि सोनोग्राफीचा अहवाल हाती आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारावा की, लघवी करून आल्यानंतर आत किती मिलिलिटर उरली होती.