व्हॅम्पायर ऑडिओबुक पहिल्यांदाच ऐकणार असशील तर

अरे पहिलं म्हणजे स्पीड 1.5 वगैरे अजिबात करू नकोस, हॉररमधे निवेदक मधेच थांबतो ना तिथेच खरी भीती असते, ती सगळी मारली जाते. सुरुवात स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'ने कर, 1975 ची कादंबरी आहे, रॉन मॅक्लार्टीच्या आवाजात मिळते. सुरुवातीला नुसतं अमेरिकेतल्या मेन राज्यातलं छोटं गाव, कोण कुठे राहतं, कोणाचं कोणाशी पटत नाही असंच चालतं आणि बरेच जण तिथेच सोडून देतात, तू सोडू नकोस प्लीज, कारण ती माणसं ओळखीची झाल्यावरच पुढे तो मेलेला पोरगा रात्री खिडकीबाहेर येऊन आत घे म्हणतो ते अंगावर येतं. हेडफोन लावूनच ऐक.

नंतर ग्रेडी हेंड्रिक्सचं 2020 चं 'द सदर्न बुक क्लब्ज गाइड टू स्लेइंग व्हॅम्पायर्स' घे, बानी टर्पिनने काय वाचलंय! साउथ कॅरोलिनातल्या बायकांचं बोलणं जबरदस्त उभं केलंय. पण उंदरांचा सीन जेवताना नको, सांगून ठेवतो. आणि विकत घ्यायच्या आधी सँपल ऐकच, आवाज पटला नाही तर इतके तास निघत नाहीत.