एकाच भट्टीवर दोघे भाऊ, दमा धाकट्यालाच का?

खानापूर तालुक्यातली एक आई दोन मुलांना घेऊन माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) दोघेही बेळगावातल्या एका बेकरीत, पाव-खारीच्या कामावर. थोरला ठणठणीत. धाकट्याला आधी नुसत्या शिंका, डोळ्यांना खाज. पुढे रात्री छातीत घरघर. सुट्टीला गावी आला की बरा.

"मॅडम, माझ्या वडिलांना दमा होता की. आमच्या माहेरचंच रक्त उतरलं. थोरल्याचं लग्न ठरवायलोय. रक्त तपासून सांगा, त्यालापण होणार काय?"

रक्त उतरतं हे अगदीच खोटं नाही. घरात दमा, इसब, सारख्या शिंका असतील तर पिठातल्या प्रथिनांची ऍलर्जी जडायचा धोका वाढतो. पाव चांगला व्हावा म्हणून पिठात इम्प्रूव्हर नावाची पूड घालतात, तिच्यातलं बुरशीपासून काढलेलं अमायलेज हे एन्झाइमही तसंच त्रास देतं. शिवाय बाहेरचा कोणता कण शरीराने परका मानायचा, यात एचएलए जनुकांचा मोठा हात असतो. सख्ख्या भावांचा हा संच तंतोतंत जुळण्याची शक्यता चारात एक.

मग थोरल्याचं रक्त तपासायला मी नको का म्हटलं? बेरिलियम धातूच्या धुळीने फुप्फुसाचा एक आजार होतो. त्याची एचएलएमधली एक खूण 1993 साली सापडली, आजारी कामगारांपैकी 97 टक्क्यांत. पण त्याच धुळीत राहून धडधाकट असलेल्यांपैकी 30 टक्क्यांतही ती होती! पिठाच्या दम्याला तर एवढी ठळक खूणही नाही. गाड्यांना पीयू (पॉलीयुरेथेन) रंगाचा स्प्रे मारणाऱ्या पोरांना त्यातल्या आयसोसायनेट या रसायनामुळे दमा होतो, तिथे घरात ऍलर्जी आहे की नाही यावरून फारसं काही कळत नाही. अशा खुणा बघून कामाला माणसं निवडली तर चांगल्या पोरांची रोजी जाईल आणि धूळ तशीच उडत राहील. मला ते पटत नाही.

धाकट्याला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकर किती जोरात बसते ते मोजायचं साधन, दिला: दिवसातून चार वेळा फुंकायचं, आकडा लिहायचा, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्याही. कामावर आकडे घसरत गेले, सुट्टीत वर आले. गव्हाच्या त्वचाचाचणीलाही गांधी उठली. आईने तोवर त्याची चपाती बंद करून टाकली होती! त्याची गरज नव्हती. अशा बहुतेकांना पीठ नाकातोंडात गेल्याने त्रास होतो, पोळी-पाव खाऊन नाही.

एकदा ऍलर्जी जडली की चिमूटभर पीठही पुरतं, नुसत्या मास्कवर भागत नाही. पंप मारत तिथेच राहिलं तर दमा कायमचा बसू शकतो. मालकांनी त्याला गाडीवर माल पोचवायला घेतलं, पगार थोडा कमी. त्याला ते लागलंय, आणि लागणारच.

थोरल्याला सांगितलं, पोतं उंचावरून ओतायचं नाही, कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. कामावर गेल्यावरच शिंका सुरू व्हायला लागल्या तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचे. आणि आईला म्हटलं, "मुलीकडच्यांना सांगावं असं त्याला आज काहीच झालेलं नाही, मावशी. तारीख धरा."