ग्रासमध्ये एक्सपोर्ट करूनही मॅपसेट का बदलत नाही?

शेलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, 'एक्सपोर्ट' करूनही मॅपसेट (नकाशे ठेवायचा चालू फोल्डर) बदलत नाही, कारण ग्रास जीआयएस या नकाशांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिएबल दोन जागी राहतात आणि तुम्ही चुकीच्या जागी बदल करताय. जीआयएसडीबेस, लोकेशन_नेम, मॅपसेट ही ग्रासची स्वतःची व्हेरिएबल. ती शेलमध्ये नसतात, एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात. शेलला फक्त त्या फाइलचा पत्ता माहीत असतो, जीआयएसआरसी या व्हेरिएबलमधून. म्हणून 'एक्सपोर्ट मॅपसेट=...' लिहिलं तरी ग्रासचे मॉड्यूल (त्याच्या कमांड) तिकडे ढुंकूनही बघत नाहीत.

सध्या काय आहे ते बघायला नुसतं 'जी.जिसएन्व्ह' चालवा. एकच हवं असेल तर 'गेट=', बदलायला 'सेट=', काढून टाकायला 'अनसेट='. उदाहरणार्थ, सेट="डीबग=३" केलं की मॉड्यूल आत काय चाललंय ते सांगू लागतात; शून्य केलं की गप्प.

पण मॅपसेट मात्र 'जी.जिसएन्व्ह'ने बदलू नका, चालत असलं तरी. 'जी.मॅपसेट' वापरा. तो मॅपसेट खरंच आहे का, दुसरं सेशन त्यात बसलंय का, हे ही कमांड तपासते.

शेलमधून चालणारी व्हेरिएबल वेगळी: ग्रास_ओव्हरराइट, ग्रास_रीजन, विंड_ओव्हरराइड. तिथे एक्सपोर्टच बरोबर. स्क्रिप्टमध्ये विंड_ओव्हरराइड फार कामाचं, कारण मॅपसेटच्या मूळ रीजनला (काम चालतं त्या क्षेत्राच्या सीमा आणि रिझोल्यूशन) हात न लावता तेवढ्यापुरता दुसरा रीजन वापरता येतो.