लहान मुलांना कोई माशांची ओळख कशी करून द्यावी?

आपण लिहिले आहे की, पुण्यातील पु. ल. देशपांडे उद्यानात रंगीत मासे पाहून आल्यापासून आपली चौथीतील मुलगी ‘हे कुठले मासे, ते इतके मोठे कसे झाले आणि त्यांना रंग कोणी दिला’ असे सारखे विचारत आहे, आणि तिच्या वयाला पेलेल असे मराठीत काही सापडत नाही. मी बरीच वर्षे अंगणातील हौदात कोई पाळत आलो आहे आणि शेजारपाजारची मुले ते पाहायला येतच असतात, त्यामुळे मुलांना काय सांगितले की त्यांचे डोळे चमकतात, हे मला ठाऊक आहे. आपल्या मुलीच्या तीन प्रश्नांपैकी तिसरा सर्वांत मोलाचा आहे. ‘रंग कोणी दिला’ या प्रश्नाचे खरे उत्तर ‘माणसांनी, पण रंग न लावता’ असे आहे, आणि कोईची सगळी गोष्ट त्या उत्तरात सामावलेली आहे.

सुरुवात मात्र रंगापासून करू नये. आधी तिला सांगावे की कोई हा कार्प जातीचा मासा आहे आणि आपल्याकडचे रोहू, कटला व मृगळ हे त्याच कुळातले आहेत. तिला मासळी बाजारात नेता आले तर फारच उत्तम. तेथे ‘सायप्रिनस’ या नावाने विकला जाणारा करडा-तपकिरी, जाड खवल्यांचा मासा दाखवावा, कारण तो कोईचा अगदी जवळचा भाऊबंद आहे. हा मासा मूळचा आपला नव्हे. 1939 साली तो श्रीलंकेतून निलगिरीत आणला गेला, पुढे 1957 मध्ये बँकॉकहून त्याचा दुसरा वाण आला, आणि आज महाराष्ट्रातील अनेक धरणांत व शेततळ्यांत तो आढळतो. बागेतला डौलदार रंगीत मासा आणि पाटीतला हा साधा मासा एकाच घराण्यातले आहेत, हे कळल्यावर मुले हमखास विचारतात की मग हा असा आणि तो तसा का. तो प्रश्न त्यांच्या तोंडून येऊ द्यावा.

पुष्कळ मोठ्या माणसांनाही कोई म्हणजे मोठा झालेला गोल्डफिश वाटतो. तसे नाही. गोल्डफिश हा चीनमध्ये हजार वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका माशापासून निपजवला गेला. दोघांतला फरक ओळखण्याची खूण मुलांना फार आवडते, ती म्हणजे मिशा. कोईच्या वरच्या ओठावर एक छोटी जोडी आणि तोंडाच्या कोपऱ्यांशी एक लांब जोडी, अशा चार मिशा असतात, आणि गोल्डफिशला एकही नसते. या मिशा शोभेच्या नाहीत. तळाच्या गढूळ पाण्यात, जिथे डोळ्यांचा फारसा उपयोग नसतो, तिथे कोई मिशांनी चाचपतो आणि त्यांनीच चवही घेतो.

कोईला खाताना जवळून पाहणे हा मुलांसाठी सर्वांत चांगला धडा आहे. मासा तळाशी येतो, त्याचे ओठ एकदम नळीसारखे पुढे येतात आणि तो गाळ, वाळू, अन्न असे सगळेच आत ओढतो. क्षणभर तो जणू गुळणी करतो, नको असलेले खडे तोंडातून बाहेर टाकतो, तर बारीक गाळाचा ढग कल्ल्यांमागून निसटतो आणि अन्न आत राहते. त्याच्या तोंडात दात नसतात. दात असतात ते घशात, आणि इतके मजबूत असतात की गोगलगायीचे कवच त्यांनी सहज चुरडले जाते. त्याला आपल्यासारखे जठर नसते, अन्न सरळ आतड्यात जाते, म्हणून तो एका वेळी भरपूर खाऊन साठवू शकत नाही. मुलांच्या हाती खाद्य देताना मी हेच कारण सांगतो आणि चार-पाच मिनिटांत संपेल एवढेच टाकू देतो. पाव, फरसाण, बिस्किटे बागेतल्या माशांना टाकू नयेत, हे सांगायची हीच वेळ आहे.

मुलांना आणखी एका गोष्टीचे नवल वाटते. आपण हौदाजवळ गेलो की मासे आधीच काठाशी येऊन थांबलेले असतात. कोईला बाहेर कान दिसत नाहीत, पण त्याच्या शरीरात हवेची एक पिशवी असते आणि तिच्यापासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. पाण्यातला आवाज पिशवीवर आदळतो, हाडे तो पुढे पोचवतात, आणि म्हणून या कुळातल्या माशांची ऐकण्याची ताकद इतर अनेक माशांपेक्षा चांगली असते. रोजचे पाऊल ओळखीचे झाले की तो खाण्याची वाट पाहू लागतो.

आता रंगांकडे वळावे. जपानच्या निइगाता प्रांतात यामाकोशी आणि ओजिया या भागांत डोंगरउतारांवर भातशेती आहे. तेथे हिवाळ्यात इतका बर्फ पडतो की पूर्वी गावे महिनोन्‌महिने अडकून पडत. शेतीच्या पाण्यासाठी बांधलेल्या तळ्यांत शेतकरी कार्प पाळत, कारण बर्फाच्या दिवसांत खायला तेच हाताशी असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या करड्या माशांत अधूनमधून एखादे पिल्लू लाल डागांचे, एखादे पांढरट असे जन्माला येऊ लागले. शेतकऱ्यांनी ते खाल्ले नाही, बाजूला ठेवले, आणि वेगळ्या रंगाच्या नर-मादीची जोडी लावली. त्यांच्या पिल्लांतून पुन्हा सर्वांत चांगली निवडली. आपल्याकडे शेतकरी मळणीआधी भरदार कणसे बियाण्यासाठी वेगळी काढतो, तसेच हे काम आहे, आणि खेड्यातल्या मुलाला ते एका वाक्यात समजते. रंग कोणी ओतला नाही, कोणी रंगाचे इंजेक्शन दिले नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसे फक्त निवडत गेली.

याचे एक उदाहरण मी प्रत्येक मुलाला सांगतो. 1921 साली सावाता आओकी नावाच्या माणसाला सोनेरी झाक असलेला एक रानटी कार्प मिळाला. त्याने तो वाढवला, त्याची पिल्ले निवडली, पुन्हा त्यांची पिल्ले निवडली, आणि नखशिखांत सोनेरी असा ‘ओगोन’ हा वाण तयार व्हायला 1946 साल उजाडले. चौथीतल्या मुलीला पंचवीस वर्षे म्हणजे तिच्या वयाच्या अडीचपटीहून अधिक होतात, हे तिलाच गणित करून काढू द्यावे.

ही निवड किती कठोर असते, हे थोड्या मोठ्या मुलांना सांगायला हरकत नाही. मोठी मादी एका वेळी लाखो अंडी घालते. ती पाणवनस्पतींना चिकटून राहतात आणि पाणी कोमट असले तर साधारण चार दिवसांत फुटतात. आईबाप अंड्यांची राखण करत नाहीत, उलट ती खाऊन टाकतात, म्हणून पाळणारे त्यांना लगेच दुसरीकडे हलवतात. त्यानंतर जिऱ्यापासून (नुकत्याच बाहेर आलेल्या इवल्याशा पिल्लांपासून) बोटुकलीपर्यंत (बोटाएवढ्या पिल्लांपर्यंत) पुन्हा पुन्हा छाननी होते आणि लाखांतून अगदी थोडी पिल्ले पुढे ठेवली जातात. शोवा नावाच्या वाणात तर अंड्यातून बाहेर आल्यावर काही दिवसांतच काळपट पिल्ले तेवढी राखतात, कारण पुढे लाल-पांढरी नक्षी त्या काळ्यातूनच उमलते. कोईचा रंग लहानपणी असतो तसाच राहील याची खात्री नसते, त्यामुळे उत्तम पारखीलाही काही वर्षे थांबावे लागते.

वाणांची नावे शंभराच्या घरात जातात, पण मुलांना चार-पाच पुरेत. पांढऱ्यावर लाल असेल तर कोहाकु. त्यातच काळे ठिपके आले की सान्के. काळ्या अंगावर लाल-पांढरे असेल तर शोवा. एकरंगी झळाळता तो ओगोन. आणि पांढऱ्या माशाच्या डोक्यावर फक्त एक लाल गोल असेल, जपानच्या ध्वजावर असतो तसा, तर तो तान्चो. यासाठी एक खेळ सुचवतो. जपानमध्ये कोई वरून पाहिला जातो, कारण तो बागेच्या तळ्यासाठीच घडवलेला आहे. काचेच्या पेटीत बाजूने पाहिल्यास त्याची अर्धी नक्षी दिसतच नाही. म्हणून मुलीला कागदावर माशाचा वरून दिसणारा आकार काढून द्यावा आणि प्रत्येक वाण रंगवायला सांगावा. पुढच्या वेळी बागेत गेल्यावर ती पुलावरून मासे ओळखू लागेल. पुण्याचे ते उद्यान जपानमधील ओकायामा शहराच्या मैत्रीतून, तेथील तीनशे वर्षांहून जुन्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारलेले आहे, हेही तिला जाता जाता सांगावे.

यामाकोशीची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1914 साली टोकियोतील मोठ्या प्रदर्शनात या भागातील कोई मांडले गेले, आणि तेव्हापासून डोंगरातला हा मासा साऱ्या जपानला माहीत झाला. 23 ऑक्टोबर 2004 रोजी तेथे मोठा भूकंप झाला. रस्ते तुटले, तळ्यांना भेगा पडून पाणी वाहून गेले, पुष्कळ मासे मेले, आणि गावातल्या दोन हजारांहून अधिक लोकांना हेलिकॉप्टरने हलवावे लागले. माणसे सुखरूप झाल्यावर वाचलेले कोईसुद्धा हेलिकॉप्टरने बाहेर काढले गेले, कारण एकेक जातिवंत नर-मादी म्हणजे कित्येक पिढ्यांची निवड होती. ते मासे वाचवण्यासाठी एवढी धडपड का केली, हे निवडीची गोष्ट ऐकलेल्या मुलाला वेगळे समजवावे लागत नाही.

इंटरनेटवर ‘हानाको’ नावाचा कोई 226 वर्षे जगला, असे आपल्याला वाचायला मिळेल. झाडाच्या खोडासारखी खवल्यावरही वर्षांची वलये उमटतात आणि ती मोजून हा आकडा काढला होता, पण जुन्या खवल्यांवरची वलये नीट मोजता येत नाहीत, म्हणून जाणकार तो आकडा मानत नाहीत. मुलीला वलयांची गोष्ट जरूर सांगावी, आकडा मात्र दंतकथा म्हणूनच सांगावा. नीट सांभाळलेला कोई 25 ते 35 वर्षे जगतो, हे खरे आहे आणि तेही काही थोडे नाही. किमतीच्या गोष्टींवर मी मुलांपुढे फारसा थांबत नाही. 2018 मध्ये एक कोहाकु लिलावात 20 कोटी 30 लाख येनना गेला, एवढे पुरे. त्यापेक्षा पीत नदीतला धबधबा चढून जाणारा कार्प ड्रॅगन होतो ही चिनी कथा, आणि त्यावरूनच जपानमध्ये 5 मे या बालदिनी घरांवर फडकवले जाणारे कापडी कार्प, हे मुलांना अधिक भावते. कागदाचा असा मासा घरी सहज करता येतो.

शेवटी, मुलगी ‘आपणही आणू या’ म्हणणारच. दुकानात कोई दोन-तीन इंचांचे असतात आणि काचेच्या भांड्यातही विकले जातात, पण तोच मासा पुढे दोन फुटांचा होतो. एका माशामागे सुमारे हजार लिटर पाणी आणि निदान तीन-चार फूट खोली हवी. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो, तो विषारी असतो, आणि त्याचा निचरा करणारे जिवाणू हौदाच्या गाळणीत (फिल्टरमध्ये) रुजायला कित्येक आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातील क्लोरिन काढल्याशिवाय ते पाणी वापरता येत नाही. आपल्या उन्हाळ्यात पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो, म्हणून सावली आणि हवा देणारा पंप लागतोच. सदनिकेत हे होत नाही, असे मुलीला स्पष्ट सांगावे. कारण पटले की मुले ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

कोणाकडे आधीच कोई असतील आणि ते आता सांभाळणे झेपत नसेल, तर ते नदीत, तलावात किंवा विहिरीत सोडू नयेत. कार्प तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो आणि मूळच्या माशांची जागा बळकावतो. काश्मीरच्या दल सरोवरात मूळचे मासे घटण्यामागे बाहेरून आणलेला कार्प हे एक कारण मानले जाते, आणि ऑस्ट्रेलियात तर काही राज्यांत कोई पाळण्यासच बंदी आहे. असे मासे विकत घेतलेल्या दुकानदाराला परत द्यावेत किंवा मोठा हौद असलेल्या पाळणाऱ्याकडे सोपवावेत; शोभिवंत माशांचे बहुतेक दुकानदार असे मासे ठेवून घेतात किंवा कोणाकडे द्यावेत ते तरी सांगतात.