साफ्टा आहे म्हणजे ड्युटी शून्य, असं धरून चालू नको भाऊ

काटोलच्या संत्र्याची पहिली गाडी बांगलादेशला पाठवतोय, एजंट म्हणतो साफ्टाचं (दक्षिण आशियाई देशांचा मुक्त व्यापार करार) सर्टिफिकेट लावलं की ड्युटी माफ, खरं का, असं तू विचारलंय. वाचलं आणि माझीच गाडी डोळ्यासमोर आली बाप्पा.

आयईसी (निर्यातीचा कोड नंबर), अपेडाची (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) नोंदणी वगैरे केलंच असशील, ते सोडतो. साफ्टा 2006 पासून लागू आहे, पण प्रत्येक देशाची सेन्सिटिव्ह लिस्ट असते, त्यातल्या मालाला सवलत नाही. आणि सवलत मिळाली तरी ती कस्टम ड्युटीवर, वरची सप्लिमेंटरी, रेग्युलेटरी, व्हॅट तसेच. आपण 2011 पासून बांगलादेशचं 25 वस्तू सोडून सगळं ड्युटी फ्री घेतो, कारण ते अल्पविकसित देशांत मोडतात, उलट्या बाजूने तसं नाही. तिकडची संत्र्यावरची ड्युटी 2019 ला किलोमागे 20 च्या आसपास होती, 2023 ला 88 पर्यंत गेली, आणि वरुड-मोर्शीचे संत्रावाले अजून रडतायत. तेव्हा हिशेब आधी तिकडच्या इम्पोर्टरकडून लेखी घे.

आता माझी चूक. आपलं नागपुरी संत्रं कस्टमच्या भाषेत ऑरेंज नाहीच, मँडरिन आहे! कोड 0805.21, आणि ऑरेंजचा 0805.10. एजंटच्या पोराने साफ्टाच्या सर्टिफिकेटवर सवयीने ऑरेंज टाकलं, मी न वाचता सही ठोकली. फायटोवर (माल रोग-किडीमुक्त असल्याचा सरकारी दाखला) मात्र बरोबर सिट्रस रेटिक्युलाटा, म्हणजे मँडरिनचं शास्त्रीय नाव. पेट्रापोलला, म्हणजे बंगालातल्या बॉर्डरच्या नाक्यावर, इम्पोर्टर म्हणे, कागद जुळत नाहीत, दुरुस्त करून आणा. ज्या ऑफिसने सर्टिफिकेट दिलं तिथे फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये, मग साहेब रजेवर, मग "अर्ज नव्याने करा, जुनं ओरिजिनल आणून द्या", अरे ओरिजिनल बॉर्डरवर आहे ना, ते कुठून आणू? शनिवार-रविवार मध्ये आला. चार दिवस गाडी नाक्याजवळ बोनगावला उभी, आंबिया बहाराचा माल, वरच्या क्रेटमधून पाणी गळायला लागलं. शेवटी अर्धा माल कोलकात्यात मिळेल त्या भावाला फुकला. त्या साहेबाला संत्र्याची एक पेटी पाठवावी असं तेव्हा फार वाटलं होतं, सडकी.

म्हणून माझं मत (मी वकील नाही, सीए नाही, नियम बदलतात, स्वतः तपास): इन्व्हॉइस, फायटो, सर्टिफिकेट, तिन्हींचे ड्राफ्ट गाडी भरायच्या आधी इम्पोर्टरला व्हॉट्सअ‍ॅप कर, त्याचं "ओके" आल्याशिवाय एक क्रेट चढवू नको. एजंट "मी पाहून घेतो" म्हणाला की समज तोच पाहत नाहीये. आणि गाडी गुरुवारी-शुक्रवारी बॉर्डरला पोचेल अशी भरू नको, त्यांची सुट्टी शुक्रवारी आणि आपली रविवारी, मध्ये फसशील.

क्रेट प्लास्टिकचेच घे, आणि नागपूरच्या कळमना मार्केटात तोलाई झाल्यावर खालचे दोन स्वतः उघडून बघ, वर चांगला आणि खाली डागी माल भरायची खोड काही गेली नाही आपल्याकडची. ड्राफ्ट आला की नाव-नंबर झाकून इथेच टाक, रात्री मंडीतून आलो की बघतो.