थायरॉईडच्या आजारांसाठी आपले सरकार नेमके काय करते?

सर्वांत ठोस काम मिठातून झाले आहे. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड (आयोडीनच्या कमतरतेने गळ्यातील थायरॉईड ग्रंथी सुजणे) घटतो हे सिद्ध झाले, १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला, आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास देशभर बंदी आहे. आशाताई घरातल्या चिमूटभर मिठावर चाचणीचा थेंब टाकतात. मीठ जांभळे झाले की त्यात आयोडीन आहे असे समजावे. मात्र नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन होणारी थायरॉईडची तपासणी अजून सर्व सरकारी रुग्णालयांत पोहोचलेली नाही, याची मला खरी काळजी वाटते. कारण उपचार पहिल्या काही आठवड्यांत सुरू झाले नाहीत, तर बाळाच्या मेंदूची वाढ कायमची खुंटू शकते.