आठवीच्या मुलांना अणुरचना आणि आवर्तसारणी पाठांतराशिवाय कशी शिकवावी?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या शिकवणीतली मुलं 'दोन, आठ, आठ' (अणूच्या एकेका कवचातले इलेक्ट्रॉन) घडाघडा म्हणतात, पण सोडियम आणि पोटॅशियम एकाच गणात, म्हणजे सारणीच्या एकाच उभ्या रांगेत का, असं विचारलं की एकमेकांकडे बघतात. मी माध्यमिकला विज्ञान शिकवतो आणि पहिली काही वर्षं माझ्याही वर्गात हेच चालायचं.

आपल्या पुस्तकांत 'अणूचे अंतरंग' आठवीत येतं आणि मूलद्रव्यांचं वर्गीकरण थेट दहावीत. इतिहासात मात्र उलटं घडलं. मेंडेलीव्ह या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊकच नव्हता. थॉमसन या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाला तो सापडला १८९७ मध्ये. आधी कोडं पडलं, मग त्याचं उत्तर मिळालं. आपण कोडं घालतच नाही आणि कवचं फळ्यावर काढून मोकळे होतो. मग मुलं पाठ करणार नाहीत तर काय करणार? म्हणून मी आधी दोन तास सारणीचे पत्ते खेळतो.

जुन्या लग्नपत्रिका कापून १६ पत्ते करा. लिथियम ते फ्लोरिन सात, सोडियम ते क्लोरिन सात, शिवाय पोटॅशियम आणि कॅल्शियम. पत्त्यावर नाव, अणुवस्तुमान, दिसायला कसं आहे (मऊ धातू, वायू वगैरे) आणि त्याच्या एका अणूला क्लोरिनचे किती अणू जोडले जातात तो आकडा. अणुअंक (केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या) अजिबात लिहायचा नाही. फॉस्फरसला क्लोरिनचे पाचही जोडले जातात, पण पत्त्यावर तीनच लिहा. एवढी लबाडी मी करतो.

पत्ते वाटण्याआधी सिलिकॉनचा गुपचूप खिशात टाका.

मुलांनी वस्तुमानाच्या चढत्या क्रमाने पत्ते लावले की क्लोरिनचे आकडे मोठ्याने वाचायला सांगा. एक, दोन, तीन, चार, तीन, दोन, एक. आणि लगेच पुन्हा एक. कुणीतरी ओरडतंच, "सर, परत तेच आलं!" मग सातसातच्या ओळी करायला सांगा. सोडियम लिथियमखाली बसतो, मॅग्नेशियम बेरिलियमखाली, ॲल्युमिनियम बोरॉनखाली, सगळं छान. पुढे गाडी घसरते. कार्बनखाली फॉस्फरस येतो, चाराखाली तीन. नायट्रोजनखाली गंधक, तिनाखाली दोन. शेवटी फ्लोरिन या वायूखाली पोटॅशियम, सुरीने कापता येणारा धातू! इथे वर्गात भांडण लागतं. बहुतेक गट एकमेकांच्या चुका शोधत बसतात. गेल्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने फॉस्फरसपासूनचे सगळे पत्ते एक घर पुढे सरकवले आणि म्हणाली, "इथला पत्ता तुमच्याकडे राहिलाय."

मी पत्ता दिला नाही. म्हटलं, आधी त्याचं वस्तुमान सांगा. ॲल्युमिनियम २७, फॉस्फरस ३१, म्हणून त्यांनी मधलं २९ धरलं. क्लोरिन किती? वर कार्बन आहे, म्हणजे चार. खिशातून पत्ता काढला तर २८ आणि चार. वर्गाचा चेहरा बघण्यासारखा होता.

मेंडेलीव्हची गोष्ट या क्षणी सांगायची, आधी नाही. त्यानेही घरं रिकामी सोडली होती. सिलिकॉनखालच्या घरात ७२ च्या आसपास वस्तुमानाचं मूलद्रव्य येईल असं तो म्हणाला. १८८६ मध्ये विंक्लर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला जर्मेनियम सापडलं, त्याचं वस्तुमान आज ७२.६ मानतात. अशाच एका रिकाम्या घरातल्या गॅलियमचा किस्सा मुलांना जास्त आवडतो. ते १८७५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बोआबोद्रां यांनी शोधलं आणि घनता ४.७ काढली. मेंडेलीव्हने ते मूलद्रव्य डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, तरी कळवलं की घनता ५.९ च्या आसपास यायला हवी. नमुना शुद्ध करून पुन्हा मोजली तर ५.९ आली.

दुसऱ्या तासाला हेलियम, निऑन, अरगॉनचे पत्ते द्या, क्लोरिन शून्य. (हेलियम निघाला की कोकणातलं एखादं पोर विजयदुर्गचं नाव काढतं. १८६८ च्या ग्रहणात लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने सूर्यावरचा हेलियम तिथून पाहिला, असं आपल्याकडे सांगतात. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडातच होते. ते विजयदुर्गला आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला.) हेलियम, निऑन आपापल्या जागी बसतात, अरगॉन बसत नाही. अरगॉन ३९.९५, पोटॅशियम ३९.१०. वस्तुमानाने लावलं तर पोटॅशियम आधी येतो आणि सगळा डाव मोडतो. म्हणजे वस्तुमान हा खरा क्रम नाही. मग खरा क्रम कसला?

आता अणू उघडा. मोजले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १९१३-१४ मध्ये क्ष-किरणांवरून केंद्रकाच्या प्रभाराचा आकडा काढायची रीत दिली. त्या क्रमात अरगॉन १८, पोटॅशियम १९. अणुअंक म्हणजे पत्त्याचा खरा नंबर, हे आता सांगावंच लागत नाही. रांगोळीने कवचांची वर्तुळं काढून त्यांत इलेक्ट्रॉन म्हणून चिंचोके मांडायला लावा. लिथियम, सोडियम, पोटॅशियम तिघांच्याही शेवटच्या वर्तुळात एकच चिंचोका उरतो, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मुलं स्वतःच देतात.

रांगोळीच्या चित्राने एक गैरसमज होतो, तो त्याच दिवशी मोडा. मैदानाच्या मधोमध मोहरीचा दाणा ठेवा आणि पन्नास पावलं चालत जा. दाणा केंद्रक असेल तर इलेक्ट्रॉन साधारण इतक्या लांब. मधे काही नाही.

एक अडचण तुम्हालाही येईल. तिसऱ्या कवचात १८ मावतात, तर पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्यात का, असं एकीने मला विचारलं होतं. मी "नियमच आहे तसा" म्हणून तिला खाली बसवलं. ते चुकलंच. आता सांगतो की कवचांच्या आत उपकवचं असतात, चौथ्याचं पहिलं उपकवच तिसऱ्याच्या शेवटच्या उपकवचाआधी भरतं, आणि का ते अकरावीत.

पत्ते करताना 'पहिली अठराच घेऊ' असा मोह होतो, पण पोटॅशियम गाळू नका. तो फ्लोरिनखाली येऊन बसल्याशिवाय कुणालाच शंका येत नाही.